हजेरीचा तारा

खंडेनवमीला मामाकडे पाटावर बराच पसारा मांडलेला असायचा. मामीची कात्री, विळी, मामाचा स्लाइड रूल आणि हातभर लांबीचा एक पाना. त्या पान्याच्या आडोशाला मामीने हळूच सरकवलेलं एक पदक. मामा ते दरवर्षी उचलायचा आणि परत डबीत ठेवून द्यायचा.

"ते हत्यार नाही, हजेरी आहे."

पाच टोकांचा कांस्याचा तारा, मधोमध अशोकस्तंभाचे सिंह. पश्चिमी स्टार. १९७१च्या युद्धात पश्चिम आघाडीवर जे होते, त्यांना तो मिळाला. पूर्वेकडच्यांना पूर्वी स्टार. यातला कुठलाच शौर्यासाठी नव्हता. शौर्याची चक्रं वेगळी. ताऱ्यासाठी पराक्रमाची चौकशी नव्हती, तुम्ही त्या वेळी तिथे होतात की नाही एवढाच प्रश्न होता.

मामा होता. नौदलात इंजिनिअर ऑफिसर, 'त्रिशूल' या युद्धनौकेच्या पोटात. ८ डिसेंबरच्या रात्री 'विनाश' ही चिमुकली क्षेपणास्त्र नौका आणि तिच्या सोबतीला 'त्रिशूल' व 'तलवार' या फ्रिगेट कराचीपर्यंत गेल्या. 'विनाश'ने चार क्षेपणास्त्रं सोडली, कराची बंदरातल्या केमारीचे तेलसाठे पेटले. मोहिमेचं नाव ऑपरेशन पायथॉन. शाळेत हे वाचलं तेव्हा मी धावतच मामाकडे गेलो होतो.

"मामा, तू कराचीची आग पाहिलीस?"

"आग पाहिली ना. बॉयलरची."

मी फारच हिरमुसलो. वर्गात काय सांगणार? आमचा मामा लढाईला गेला होता आणि रात्रभर वाफेचा दाब बघत बसला होता! वरून हुकूम येणार, खाली यांनी वेग वाढवायचा किंवा कमी करायचा. वर काय चाललंय ते खालच्यांना इंजिनाच्या आवाजावरून आणि पायाखालच्या थरथरीवरून जेवढं कळेल तेवढंच. दार बंद, घामाने अंग निथळतंय, डोळे काट्यावर. इकडे मुंबईत ब्लॅकआउट, मामीने खिडक्यांना खाकी कागद चिकटवलेले. मामी म्हणायची, त्या रात्री आम्हा दोघांना सारखंच दिसत होतं.

एका दसऱ्याला तिने देवाच्या भांड्यांबरोबर ताराही चिंच लावून घासून काढला. असा लखलखला की विचारू नका. मामा चिडला नाही. डबीतून भिंग काढलं, तारा पालथा केला आणि मागे कोरलेलं आपलं नाव शाबूत आहे ना ते अक्षर अक्षर लावून पाहिलं. हजेरीपटावरचं नाव पुसलं गेलं तर माणूस गैरहजर ठरतो, बहुधा असंच काहीतरी त्याच्या डोक्यात असावं.

त्याच डबीत आणखी एक पदक होतं, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं. त्या सुमारास गणवेशात असलेल्या सगळ्यांनाच ते मिळालं होतं. "हे जिवंत असल्याबद्दल," मामा म्हणायचा. सगळे हसायचे. मीही हसायचो.

या वाक्याचा अर्थ मला दीवला लागला. पेन्शनीत गेल्यावर मामाला एकदा तिथे जायचं होतं, सोबतीला मी. केमारी पेटल्याला जेमतेम एक दिवस होत होता, तेव्हा ९ डिसेंबरच्या संध्याकाळी याच किनाऱ्यापासून काही अंतरावर आपली युद्धनौका 'खुखरी' बुडाली. पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'चा टॉर्पेडो. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं, आणि त्यांचं नाव निदान पुस्तकांत तरी येतं. पण जहाजाच्या पोटात जे होते, त्यांच्यापैकी एकाचंही नाव मला सांगता आलं नसतं.

टेकडीवर समुद्राकडे तोंड करून स्मारक आहे. काचेच्या पेटीत 'खुखरी'ची प्रतिकृती. पर्यटक फोटो काढत होते, कुणाचं तरी पोर आइस्क्रीम मागत होतं. मामा पेटीभोवती फिरला, वाकला, चष्मा वर केला. मग पाण्याच्या रेषेच्या किंचित खाली, चिमणीच्या बरोबर तळाशी त्याने काचेवर बोट टेकलं.

"बॉयलर रूम इथे."

बराच वेळ त्याचं बोट तिथेच होतं. काढलं तेव्हा काचेवर ठसा उमटला होता. त्याने खिशातून रुमाल काढला आणि काच पुसली.