किडीला औषध पचलं

डिसेंबर २०१९. मामांचं, म्हणजे माझ्या एका रुग्णाचं, उपचाराच्या नोंदीचं पांढरं कार्ड समोर उघडं होतं आणि नुकताच आलेला व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या एचआयव्हीच्या प्रमाणाचा, आकडा मी पुन्हा पुन्हा वाचत होते. ६२,०००. सप्टेंबरात तो ४८,००० होता. मधल्या तीन महिन्यांत दर महिन्याला मी त्यांना समोर बसवून बोलले होते, गोळ्या मोजल्या होत्या, मामींनाही बोलावून घेतलं होतं. आकडा हजाराच्या आत यायला हवा होता. तो उलट वर गेला होता.

कोल्हापुरातल्या एका सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं मिळतात तिथं, मी समुपदेशक आहे. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसाची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मी ती केली नसती. म्हणून वय, आकडे, घरचे तपशील थोडे बदललेत आणि गावाचं नाव लिहीत नाही. मामांचा धंदा मात्र बदलता येत नाही, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. मामा गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे. उभं आयुष्य काहिलीच्या, उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईच्या, काठावर गेलेला माणूस. मळी कधी काढायची, भेंडीचं पाणी कधी सोडायचं, काहील कधी उतरवायची हे ते उकळीच्या आवाजावरून सांगतात.

२०१६ मध्ये ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांना टीबी झाला होता. वजन बेचाळीस किलो, सीडी४ पेशी ११२. शरीराच्या बचावाला हुकूम देणाऱ्या या पांढऱ्या पेशी. धडधाकट माणसात त्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये पाचशेपासून दीड हजारापर्यंत असतात, आणि दोनशेच्या खाली गेल्या की एरवी दबून राहणारे आजार डोकं वर काढतात. मामींची तपासणी निगेटिव्ह आली. त्या दिवशी मामा पहिल्यांदा रडले.

"कवा झालं असंल हे?" असं त्यांनी तेव्हाच विचारलं होतं. दहाएक वर्षांपूर्वी एकदा पंधरा दिवस ताप, घसा धरलेला, अंगावर पुरळ, असं झाल्याचं त्यांना आठवत होतं. गावच्या डॉक्टरांनी साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या होत्या. तोच तो ताप, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण विषाणू शरीरात शिरल्यावर दोन ते चार आठवड्यांत पुष्कळांना असाच ताप येतो. त्या दिवसांत रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या लाखो प्रती असतात. आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशींची मोठी कत्तल होते ती याच पहिल्या काही आठवड्यांत, माणूस ताप उतरला म्हणून कामावर जाऊ लागतो तेव्हा. मग शरीर जोर लावतं, विषाणू एका पातळीवर येऊन थांबतो, आणि औषधाविना आठ-दहा वर्षं काहीच दिसत नाही. माणूस ऊस तोडतो, लेकीचं लग्न करतो, जोतिबाच्या यात्रेला डोंगर चढतो.

पण आत शांतता नसते. ही गोष्ट मला फार उशिरा नीट कळली. पूर्वी मलाही वाटायचं की विषाणू त्या काळात झोपलेला असतो. १९९५ साली अमेरिकेत डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या गटांनी रुग्णांना नवं औषध देऊन विषाणू किती वेगानं घटतो ते मोजलं आणि त्यावरून उलटा हिशेब मांडला. पुढच्या वर्षी आलेला सुधारलेला अंदाज असा, की दिवसाला साधारण एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात आणि जवळपास तेवढेच मरतात. बाधित पेशी दोनेक दिवसांत संपते. वरून आकडा स्थिर दिसतो तो फक्त आवक आणि जावक सारखी असल्यामुळं. या रेट्यात शरीर दरवर्षी थोडं थोडं हरत जातं.

तर, डिसेंबरातला तो दिवस.

"मामा, खरं सांगा. गोळ्या चुकतायत ना?"

"म्याडम, ह्या तीन म्हयन्यांत एक बी गोळी चुकवल्याली न्हाई. अंबाबाईची आण."

मामींनी मान डोलावली. रोज रात्री गोळी घशाखाली उतरेपर्यंत त्या समोर बसत होत्या.

मी विश्वास ठेवला नाही. हे लिहिताना आजही जीव कसनुसा होतो. सप्टेंबरात मी महापुराला दोष दिला होता. ऑगस्टात पंचगंगेनं त्यांची गल्ली गिळली, शिरोलीजवळ हायवे बंद, मामांची गोळ्यांची बाटली वाहून गेलेली. बारा-तेरा दिवस औषध नव्हतं. तेव्हा केंद्रात येणारा प्रत्येक दुसरा माणूस असंच काहीतरी सांगत होता, त्यामुळं मला पुढं काही विचारावंसंच वाटलं नव्हतं. पण पुरात बारा दिवस चुकले आणि नंतर रोज औषध चालू झालं, तर विषाणू पुन्हा दबायला हवा. तो दबत नव्हता. म्हणजे एकतर मामा खोटं बोलत होते, नाहीतर औषध लागूच पडत नव्हतं.

मी कार्ड घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सीडी४ च्या रकान्यावर बोट फिरवलं. फेब्रुवारी २०१७: २३०. ऑगस्ट २०१७: ३४१. फेब्रुवारी २०१८: ३०५. ऑगस्ट २०१८: ३५२. फेब्रुवारी २०१९: २७०. सप्टेंबर २०१९: २१४. आकडे थोडेफार खालीवर होतातच, म्हणून मी ते कधी एका ओळीत वाचले नव्हते. व्हायरल लोडची तपासणी तर आपल्या कार्यक्रमात २०१८ पासून हळूहळू पोहोचू लागली, मामांची पहिली झाली ती त्या सप्टेंबरातच.

"दोन वर्षं फेब्रुवारीत खाली," डॉक्टर म्हणाले. "फेब्रुवारीत काय करतो हा माणूस?"

मी परत येऊन तेच विचारलं.

"फेब्रुवारीत? गुराळ असतंय की."

"आणि रात्री?"

मामांनी मामींकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "रातपाळी असती, म्याडम. चुलवाण पेटलं की दिवस-रात येकच."

मग सगळं बाहेर आलं. तेव्हाची गोळी म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि एफाव्हिरेंझ अशी तीन औषधं एकात. झोपताना घ्यायची, कारण एफाव्हिरेंझनं चक्कर येते, भलतीसलती स्वप्नं पडतात. आम्ही तेव्हा प्रत्येकाला ते सांगायचो: रात्री घ्या, झोपेत निघून जाईल. ज्याची रात्र झोपेची नाही त्याचं काय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"गोळी घेतली की तासाभरात डोकं गरगराय लागतंय. काहिलीच्या काठावर हुबं ऱ्हायचं, आत रस उकळतोय. तोल गेला तर हाडं बी गावायची न्हाईत. मग कामाच्या राती गोळी चुलवाणात टाकायचो. सुट्टीच्या राती घ्यायचो. तुमी मोजायचा म्हून बाटलीत ठेवत नव्हतो."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंच न्हाई कवा. गोळ्या तेवढ्या मोजल्या."

ते रागानं बोलले नाहीत. पहिल्या वर्षी टीबीमुळं ते कामावर गेले नव्हते, म्हणून तो फेब्रुवारी चांगला होता. पुढचे दोन हंगाम दोन रात्री चुकवायच्या, एक रात्र घ्यायची, असं चाललं. आणि पुरानंतरचे तीन महिने त्यांनी खरोखर रोज गोळी घेतली होती, कारण ऊस पाण्यात कुजल्यानं मालकाचं गुऱ्हाळ अजून पेटलंच नव्हतं.

आता औषध का बदलावं लागेल ते मी त्यांना समजावून सांगायला लागले तेव्हा त्यांनी मध्येच हात वर केला. "थांबा. गोळ्या चुकल्या, त्यो वाढला, हे कळलं. पर आता तर रोज घेतोय. मग मरंना का? त्याला शिकवलं कुणी?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न इतक्या नेमकेपणानं मला कुणी विचारला नव्हता. मी वहीचं पान उलटलं. विषाणूचं सगळं टिपण साधारण ९,७०० अक्षरांचं. पेशीत शिरल्यावर तो ते आपल्या एका विकरानं, म्हणजे एन्झाइमनं, पेशीच्या भाषेत उतरवून घेतो आणि पेशीच्याच जनुकांत चिकटवून टाकतो. पण हा नकलनवीस घाईचा आहे, लिहिलेलं पुन्हा तपासत नाही. साधारण तीन प्रतींमागे एका प्रतीत एखादं अक्षर चुकतं. रोज एवढ्या प्रती, म्हणजे एका अक्षराचा जो जो बदल शक्य आहे तो रोज कुठं ना कुठं होऊनच जातो. कुणी शिकवत नाही. बहुतेक चुका त्या विषाणूलाच मारतात. एखादी चूक अशी असते की औषध बसायची खाच बदलते. तीनही औषधं पुरेशी असली तर एक खाच बदलून भागत नाही, उरलेली दोन त्याला अडवतात. १९८७ साली एचआयव्हीवरचं पहिलं औषध आलं, ते एकटं दिलं जायचं आणि म्हणूनच टिकायचं नाही. १९९६ पासून तीन औषधं एकत्र दिली जाऊ लागली तेव्हा माणसं जगू लागली.

"आणि अर्धवट घेतली तर," मी म्हणाले, "तिन्ही औषधं एका वेळी उतरत नाहीत. लॅमिव्हुडिन लवकर उतरतं, एफाव्हिरेंझ रक्तात कितीतरी दिवस रेंगाळतं. पुरतं मारायला अपुरं, पण साधे विषाणू मागं पडून बदललेले पुढं यायला पुरेसं."

मामांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "म्हंजे फवारणी अर्धी केली. किडीला औषध पचलं म्हणा की!"

मी आजवर कितीतरी तक्ते, चित्रं, फ्लिपचार्ट वापरलेत. त्यातलं एकही या वाक्याच्या जवळ जात नाही. तेव्हापासून मी शेतकऱ्यांना हेच सांगते.

"मग थोडं दिवस औषध बंद ठिवलं तर? जुनी कीड परत येती का, जिला पचत न्हाई ती?"

हाही शेतकऱ्याचाच प्रश्न, आणि अर्धा बरोबर. औषध थांबवलं की मूळचा जोमदार विषाणू पुन्हा पुढं येतो, तपासणीत बदललेला दिसेनासा होतो. पण तो गेलेला नसतो. काही बाधित पेशी वर्षानुवर्षं निजून राहतात आणि त्यांच्या जनुकांत बदललेली प्रत जशीच्या तशी जपलेली असते. तेच औषध पुन्हा सुरू केलं की ती प्रत बाहेर येते. याच निजलेल्या पेशींमुळं रोज गोळी घेऊनही एचआयव्ही मुळापासून जात नाही.

मामांच्या विषाणूत नेमके कोणते बदल होते ते कुणी वाचलं नाही. ती जनुकीय तपासणी आपल्याकडे सरसकट होत नाही. अशा रुग्णांत नेहमी दिसणारे बदल मात्र माहीत आहेत. नकलनवीस विकराच्या १०३ व्या जागी एक बदल झाला की एफाव्हिरेंझ निकामी होतं आणि विषाणूचं काही बिघडत नाही. १८४ व्या जागचा बदल लॅमिव्हुडिन निकामी करतो, पण विषाणूला मंदावतो, आणि झिडोव्हुडिन नावाच्या आणखी एका औषधापुढं त्याला नरम करतो. म्हणून दुसऱ्या फळीच्या औषधांतही लॅमिव्हुडिन मुद्दाम चालू ठेवतात, तो बदल टिकून राहावा आणि विषाणू लंगडाच राहावा म्हणून. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झाले होते.

कागद तज्ज्ञांच्या समितीपुढं गेले. झिडोव्हुडिननं रक्त कमी होऊ शकतं, म्हणून आधी हिमोग्लोबिन पाहिलं. ते ठीक होतं. फेब्रुवारीत झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि रिटोनाविरसोबत अटाझानाविर सुरू झालं. यात चक्करेची ती गोळी नव्हती. तरी या वेळी मी बाटली देण्याआधी कागद पुढं घेतला आणि विचारलं, सकाळी किती वाजता उठता, भाकरी कुठं खाता, काहिलीवर कितीपासून कितीपर्यंत. अटाझानाविर जेवणासोबत घ्यायचं असतं. मामींचा डबा दुपारी एकला गुऱ्हाळावर पोहोचतो. तीच वेळ ठरली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेनऊला फोन आला. मागून चिपाड ओढल्याचा आवाज येत होता.

"म्याडम, डोळं पिवळं झाल्यात. समदी म्हणत्यात कावीळ हाय, गोळ्या बंद कर. करू का?"

"आज दुपारची घेतली?"

"घेतली की. इचारल्याबिगर कशी बंद करू?"

अटाझानाविरनं काहींचे डोळे असे पिवळे होतात, त्यात बहुधा यकृताला इजा नसते. तरी खात्री करायला उद्या रक्त द्यायला या, असं मी सांगितलं. भूक लागते का, मळमळ, पोटात दुखतंय का, तेही विचारलं.

"भूक दणकून लागती. उद्या धाच्या यष्टीनं येतो," मामा म्हणाले. "ठिवतो आता, काहील उतरायला आली."