एकोणपन्नासातले नऊ

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला देवळाचा मंडप मिळालाय. वर पत्रे. जुलैत पाऊस धरला की शेजारच्याचंही ऐकू येत नाही, म्हणून तोंडी गणितं चुकली की आम्ही खापर पावसावर फोडतो. त्या दिवशी उघाड होती.

पाचवीतली मुलगी. चौथीपर्यंत मराठी शाळा, जूनपासून इंग्रजी माध्यम. गोव्यातल्या मराठी-कोंकणी प्राथमिक शाळांतल्या बहुतेक मुलांचं असंच होतं. ‘वजाबाकी कच्ची’ असा शेरा घेऊन आलेली, आणि मी पंधरा दिवस तिच्याकडून हातच्याची वजाबाकी घोटून घेत होते. एकोणपन्नासातून तेवीस वजा कर, म्हटलं. उत्तर ३६. फुली मारायला पेन टेकवलं तेव्हा वरची मांडणी दिसली: ५९ − २३. मग ३६ बरोबरच की!

गणित बाजूला ठेवून नुसत्या दहा संख्या सांगितल्या: २९, ४२, ४९, ६७, ५९, २४, ६९, ७६, ८९, ९९. पाच बरोबर, पाच चूक. चुकलेल्या पाचही ‘एकोण’वाल्या, प्रत्येक बरोबर दहाने जास्त. ८९ला ९९ आणि ९९लाही ९९. दोनदा तेच लिहिलं तरी तिला खटकलं नाही. ‘एकोणपन्नास’ म्हणून दाखव म्हटलं तर उच्चार स्वच्छ. ‘फॉर्टी नाइन’ म्हटलं, तर झटकन ४९.

कारण मंडपातच टांगलेलं होतं. आमच्या तक्त्यावर मीच लिहिलेलं: ‘एकोण ऐकलं की शेवटी ९’. नियम खोटा नाही, अर्धा आहे. पन्नास ऐकून पोर ५ मांडतं, नियम आठवून पुढे ९. दशक एकाने उतरतो हे कुठेच नाही. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीस, बावीससाठी ‘वीस एक, वीस दोन’ आणलं तेव्हा मीही हसले होते.

मग हीर काढले. झाडूचे, वीतभर कापलेले, दहा-दहाच्या जुड्या रबर लावून. (काजूच्या बिया मुलं आपणहून आणतात, पण त्यांची जुडी बांधता येत नाही आणि कोणी फोडली तर सालीतलं तेल हात भाजतं.) पाच जुड्या तिच्यापुढे ठेवल्या. “पन्नास. आता एक उणें कर.” ‘उणें’ हा शब्द घरचा; आमटीत मीठ उणें पडतं, तेच हे. तिने जुडीतून एक हीर ओढला आणि जुडी तशीच ठेवून म्हणाली, “पाच जुड्यो.” इथे मदतनीस घाईने स्वतः रबर सोडतात आणि सगळं फुकट जातं. मी गप्प राहिले. तिने त्या जुडीतले हीर मोजले, नऊ भरले, मग रबर काढून सुटे केले. चार जुड्या, नऊ सुटे.

तीस, साठ, सत्तर, नव्वद तिने स्वतः केले. शंभराला दहा जुड्या मांडून एक काढला, नव्याण्णव लिहिलं आणि विचारलं, “टीचर, हें एकोणशंभर कित्याक न्हय?” (का नाही?) मला उत्तर देता आलं नाही.

निघताना तिची जुनी पानं पुन्हा तपासली. तोंडी दिलेल्या गणितांतल्या बहुतेक फुल्या ‘एकोण’च्या होत्या, तिने मांडलेली वजाबाकी मात्र बरोबर. हातच्याची चूक एकच सापडली. तक्ता उतरवून ठेवला.