मालिकेच्या शेवटचा पाच सेकंदांचा लोगो: माझा अनुभव

रत्नागिरीतल्या एका छोट्या निर्मिती संस्थेसाठी मालिकेच्या शेवटी येणारा हलता लोगो केला. दीपस्तंभ, त्याच्या पायथ्याशी लाट आणि खाली देवनागरीत संस्थेचं नाव. पाच सेकंद, म्हणजे सेकंदाला २५ या हिशेबाने १२५ फ्रेम.

हा लोगो पूर्ण पडद्यावर दिसेल हे गृहीतच धरू नये. श्रेयनामावली लागली की बऱ्याच वाहिन्या चित्र आक्रसून बाजूला सरकवतात आणि उरलेल्या जागेत पुढच्या कार्यक्रमाचा प्रोमो लावतात. म्हणून प्रत्येक टप्प्यावर मी काम ९६० बाय ५४० एवढं लहान करून, आवाज बंद ठेवून बघतो. नाव पहिल्या दीड सेकंदात पूर्ण उमटावं आणि शेवटचे दोन सेकंद जराही हलू नये.

सगळ्यात जास्त वेळ या नावावरच जातो. आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत आधी टाइपच्या सेटिंगमधून 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' टेक्स्ट इंजिन (अक्षरं मांडणारी यंत्रणा) निवडावं लागायचं, नाहीतर जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसायची. अक्षरं नीट बसली तरी एकेक अक्षर आणणारे सॉफ्टवेअरमधले तयार अ‍ॅनिमेटर मी वापरत नाही. मात्रा आणि वेलांट्या अक्षरापासून सुटून येण्याची भीती राहतेच. मजकुराचे आकार करून घेतो आणि ते एकमेकांत विलीन करतो. विलीन केले नाहीत, तर नाव फिकट असताना शिरोरेषेवर दोन अक्षरं जिथे एकमेकांवर चढतात तिथे गडद ठिपके दिसतात. मग डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या मॅटने (खालचं चित्र हळूहळू उघडणाऱ्या आकाराने) आधी शिरोरेषा ओढायची आणि तिच्यामागून अक्षरं खाली उतरवायची. देवनागरीला ही चाल शोभते, कारण अक्षरं लटकतात ती शिरोरेषेलाच.

शिरोरेषेची जाडी निदान ८ पिक्सेल ठेवावी. एचडी प्रसारण १०८०आय असतं, म्हणजे चित्राच्या सम आणि विषम ओळी दोन फील्डमध्ये आळीपाळीने दाखवतात. त्यात एका पिक्सेलची आडवी रेघ एकाच फील्डमध्ये येते आणि लुकलुकते. चित्र निम्मं झालं तरी ८ चे ४ उरतात. लाटेवरच्या फेसाच्या बारीक रेघांनाही हाच नियम. त्या उभ्या दिशेने किंचित ब्लर केल्या की लुकलुक थांबते.

दीपस्तंभाचा झोत काळ्यात विरत जातो, तिथे ८ बिटमध्ये रंगाच्या छटा कमी पडून पट्टे पडतात. प्रोजेक्ट १६ बिटचा ठेवावा आणि झोतावर हलका ग्रेन (बारीक दाणे) टाकावा. झोत एकदाच फिरवावा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा प्रकाश अपस्माराच्या काही रुग्णांना घातक ठरू शकतो.

आवाजासाठी भाट्याच्या किनाऱ्यावर सकाळी जावं. दुपारचा खारा वारा माइकवर आदळतो. माइकला केसाळ आवरण हवंच, आणि नंतर ८० हर्ट्झखालचं सगळं कापावं. मोठी लाट उठून, फुटून, ओसरेपर्यंत पाच सेकंद पुरत नाहीत, म्हणून फक्त फुटण्याचा भाग घ्यावा. टीव्हीच्या लहान स्पीकरवर नुसती लाट खरखरीसारखी वाटते. तिच्यावर टाळाचा एकच ठोका दिला की कान तिकडे वळतो.

रेंडर (तयार फ्रेम बाहेर काढणं) थेट व्हिडिओत नको, १६ बिट पीएनजीच्या क्रमवार फ्रेममध्ये करावं. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. ८७व्या फ्रेमला गेली तर ८७पासूनच पुन्हा सुरू करता येतं. मग त्यातून प्रोरेस ४२२ एचक्यू या प्रकारची व्हिडिओ फाइल बनवायची, पाच सेकंदांची साधारण ११५ एमबी. लोगो चालू दृश्यावर बसवायचा असेल तर अल्फासह (पारदर्शकतेच्या माहितीसह) प्रोरेस ४४४४, सुमारे १७० एमबी. अल्फा स्ट्रेट (रंग जसेच्या तसे) आहे की प्रीमल्टिप्लाइड (रंग आधीच पारदर्शकतेने गुणलेले), हे फाइलच्या नावातच लिहावं. प्रीमल्टिप्लाइड फाइल स्ट्रेट समजून लावली तर अक्षरांभोवती काळी कड येते.

सोबत तीन सेकंदांची आवृत्तीही द्यावी. ती नसली की घाईत पाच सेकंदांचीच फाइल कापली जाते आणि टाळाचा नाद अर्ध्यात तुटतो.