पाय उगवायची मुदत : ५ वर्षं

मी माजी हवालदार. सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्यात कृत्रिम पाय बसला, पेन्शनही वेळेत सुरू झाली. माझा राग आहे तो एका शब्दावर.

तीन वर्षं घरी नुसता टीव्ही बघत होतो. २०२४ ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये होकाटो सेमांनी गोळा १४.६५ मीटर टाकून कांस्य घेतलं. तेही फौजी, २००२ मध्ये सुरुंगातच पाय गेलेला, वय ४०. माझं ४१. बायको म्हणाली, "वर्षभर उशीरच केलाय, आता तरी उठा."

पॅरा खेळाच्या निवड चाचणीच्या फॉर्मवर यूडीआयडी, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्राचा नंबर मागितला होता. फौजेच्या मेडिकल बोर्डाचे कागद घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो तर खिडकीतून उत्तर, "हे इथं चालत नाही. ऑनलाइन भरा, बोर्डाच्या दिवशी या." बोर्ड आठवड्यातून एकदा. पहिल्या खेपेला हाडांचे डॉक्टर रजेवर. दुसऱ्या खेपेला आधारवर आडनाव शेवटी आणि फौजेच्या कागदावर आधी, म्हणून माणूसच वेगळा ठरला. तिसऱ्या खेपेला सकाळी सातला नंबर लावला, दुपारी दोनला आत घेतलं. डॉक्टर म्हणाले, पाय काढा. काढून टेबलावर ठेवला. दोन मिनिटांत काम झालं.

महिन्यानं सर्टिफिकेट आलं. अपंगत्व : तात्पुरते. वैधता : ५ वर्षे.

परत गेलो. "साहेब, पाच वर्षांत पाय उगवणार आहे का?" साहेब हसले नाहीत. "सिस्टिमला तसं पडलंय. दुरुस्तीचा अर्ज द्या." मी आवाज चढवला, त्यानं अर्ज आणखी खाली गेला असणार. पॅरा खेळात वर्गवारीसाठी अपंगत्व कायमचंच असावं लागतं, त्यामुळे एवढ्या एका शब्दापायी चार महिने आणि ती चाचणी दोन्ही गेलं. तुम्ही जाल तेव्हा खोलीतून उठण्याआधी स्क्रीनवर 'कायमस्वरूपी' वाचून घ्या. लाजू नका.

आणि हो, स्टम्पचे, म्हणजे कापून उरलेल्या पायाचे, दोन मोजे जादा न्या. रांगेत घामानं कृत्रिम पाय सरकतो, मला फोड आले होते.

पुढच्या चाचणीला एफ-५७ गट मिळाला. इथंही पाय काढून दाखवला, पण मुदत कुणी विचारली नाही. या गटात गोळा ४ किलोचा, बसून टाकायचा. खुर्ची जमिनीला जखडलेली, मांड्या पट्ट्यांनी आवळलेल्या, गोळा सुटायच्या आत बूड उचललं की फाऊल. पहिल्या दिवशी ७ मीटर २० गेला. सेमांच्या निम्माही नाही, तरी त्या रात्री गाढ झोपलो.

सरावाची खुर्ची गावातल्या वेल्डरनं केली. उशीसकट उंची ७५ सेंटिमीटरच्या वर चालत नाही. त्याची भरली ७६. परत नेली, तर अर्ज न मागता पाच मिनिटांत कापून दिली.