गाडी गिरगावात, आम्ही टॅक्सीत

नाशिकहून मुंबई आता खरंच जवळ आलीये. 5 जून 2025 ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा उघडला आणि कसारा घाट सुटला, मुलुंडच्या नाक्यावर ऑक्टोबर 2024 पासून छोट्या गाड्यांना टोल नाही, पुढे चेंबूरला फ्रीवेवर चढलं की थेट पी डिमेलो रोड. सकाळी लवकर निघालो आणि चहाची वेळ टळायच्या आत सीएसएमटीसमोर होतो. तिथून मामाचं गिरगावातलं ठाकूरद्वारचं घर जेमतेम दोन किलोमीटर, आणि त्या दोन किलोमीटरमध्ये गाडी लावून जिना चढेपर्यंत तास गेला.

मामेबहिणीचा साखरपुडा होता, आईचे गुडघे दुखतात, शिवाय सामान, म्हणून गाडी. मामा फोनवर म्हणाला होता, "अरे ये बिनधास्त, जागा करून ठेवलीये." आता गिरगावात जागा करून ठेवणं म्हणजे काय ते तिथे गेल्यावर कळतं. तिसऱ्या मजल्यावरचे काका कोकणात गेले होते, त्यांची गाडी निघाल्या निघाल्या मामाने तिथे एक बादली, एक पाय मोडलेली खुर्ची आणि शेजारच्या मुलाची स्कूटर आडवी लावून ठेवली होती. रस्ता पालिकेचा, जागा कुणाच्या नावावर नाही, पण कुठली जागा कुणाची हे अख्ख्या गल्लीला पाठ. तसं बघितलं तर हे चुकीचंच आहे, सार्वजनिक रस्त्यावर फुकट हक्क सांगायचा म्हणजे काय, पण त्या दिवशी फायदा माझाच होत होता त्यामुळे मी काही बोललो नाही.

आजूबाजूच्या पाट्या वाचण्यासारख्या होत्या. "गेटसमोर वाहन लावू नये, हवा काढली जाईल" ही तर सगळीकडे. सरकारी पाटी बहुतेक झाडाच्या फांदीत असते. पी1 आणि पी2 म्हणजे सम-विषम तारखेचं पार्किंग, आज या बाजूला तर उद्या समोर, हे आपल्याकडेही आहे, फरक इतकाच की इथे रात्री बारानंतर गाडी पलीकडे न्यायची तर पलीकडे आधीच कुणीतरी उभं असतं. नो पार्किंगचा दंड पहिल्यांदा 500, परत सापडलात तर 1500, आणि टोइंगवाल्यांनी उचलली तर त्याचे वेगळे. हल्ली पावती कुणी देत नाही, फोटो काढतात आणि ई-चलान मोबाईलवर येतं, म्हणजे तुम्ही जेवायला बसलेले असता आणि मेसेज वाजतो. मामा अजून 2019 च्या जुलैबद्दल बोलतो, तेव्हा पालिकेने स्वतःच्या वाहनतळापासून 500 मीटरच्या आत रस्त्यावर कार लावली तर 10,000 रुपये दंड असा नियम आणला होता. "दहा हजारात गाडीचे दोन टायर येतात रे," इति मामा.

तर गाडी लागली आणि मामीने पहिलं काय सांगितलं, "आता हिला हलवू नका हां." हलवली की जागा गेली. म्हणजे नाशिकहून एवढी गाडी आणली ती कव्हर घालून उभी, आणि आम्ही सगळीकडे टॅक्सीने. मला वाटलं हे पाहुण्यांचंच असतं, तर नाही, शेजारच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ, स्वतःची चांगली सेडान दारात, रोज सकाळी ऑफिसला टॅक्सीने जातात, कारण संध्याकाळी परत आल्यावर गाडी लावायची कुठे! गाडी रविवारी धुतात आणि महिन्यातून एकदा गावाला नेतात. हप्ता मात्र दर महिन्याला जातो 😄

टॅक्सीचं मात्र मला मनापासून आवडलं. उतरलं की संपलं, तिचं पुढे काय करायचं ही चिंता ड्रायव्हरची. मीटर सुरू होतं 31 रुपयांपासून, दीड किलोमीटरपर्यंत तेवढेच, फेब्रुवारी 2025 पासून हा रेट आहे, आधी 28 होता. ठाकूरद्वारहून दादरला रानडे रोडवर साडी घ्यायला गेलो तर दोनशेच्या आसपास झाले आणि तेवढ्यात आम्ही चौघं गेलो. तिथे गाडी नेली असती तर एकाला आत बसवून बाकीच्यांनी खरेदी करायची आणि मागून पोलीस काच वाजवणार. रात्री बारा ते पहाटे पाच मीटरच्या सव्वापट द्यावे लागतात, त्यात घासाघीस करू नका, तो नियमच आहे.

दक्षिण मुंबईत रिक्षा नाही हे आईला दरवेळी नव्याने सांगावं लागतं. सायन आणि माहीमच्या अलीकडे, म्हणजे शहराच्या बाजूला, रिक्षाला परवानगीच नाही, त्यामुळे जवळ जायचं असेल तरी टॅक्सीच. आणि जवळचं भाडं टॅक्सीवाल्यांना नको असतं. "गॅस भरना है", "गाडी जमा करनी है" ही दोन वाक्यं इतक्या वेळा ऐकली की माझा सात वर्षांचा मुलगा आता घरी होमवर्कला बसवलं की गॅस भरना है म्हणतो. मामाची पद्धत अशी, आधी दार उघडून बसायचं, मग कुठे जायचं ते सांगायचं. आणि ज्या दिशेला जायचंय त्याच बाजूच्या फुटपाथवर उभं राहायचं, कारण यू-टर्न कुठे मिळेल याचा नेम नाही, उलट्या बाजूला उभे असाल तर तो थांबतच नाही. पत्ता सांगायच्या भानगडीत पडू नका, मेट्रो सिनेमा, ऑपेरा हाऊस, हिंदमाता असं काहीतरी सांगा, लगेच मान हलते.

हाजीअलीला ज्यूस प्यायला जाताना जुन्नरकडचे एक काका ड्रायव्हर मिळाले. मराठी ऐकून खुलले. पूर्वी त्यांच्याकडे पद्मिनी होती, म्हणजे ती जुनी फियाट टॅक्सी. 29 ऑक्टोबर 2003 ला मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी रजिस्टर झाली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर सगळ्या बंद. "स्टेअरिंगला गिअर होता, पुढची सीट सोफ्यासारखी लांब," काका सांगत होते, "आता ही वॅगनार, पळते चांगली पण डिकीत सिलिंडर, तुमच्या बॅगा ठेवू कुठे?" खरंच, सीएनजीच्या टाकीमुळे डिकी अर्धी भरलेलीच असते, मोठं सामान वरच्या कॅरिअरवर.

भुलाभाई देसाई रोडवर त्यांनी रोबोटिक पार्किंगची ती उंच इमारत दाखवली, 2021 ला सुरू झाली, 240 गाड्यांची सोय, खाली प्लेटवर गाडी सोडायची आणि मशीन ती वर नेऊन ठेवते. मुलाला आपली गाडी तिथे टाकायचीच होती. मी म्हटलं, इथे टाकली तर मामाकडे परत जायला टॅक्सीच करावी लागेल. काका म्हणाले, "मग टाका की, आमचा धंदा होईल."

रविवारी कोकणातले काका परत येणार होते म्हणून आम्ही सकाळीच निघालो. कव्हर काढलं तेव्हाच समोरच्या पानवाल्याने कुणाला तरी फोन लावला होता. मी किल्ली फिरवायच्या आत एक पांढरी स्विफ्ट इंडिकेटर लावून मागे हजर, आणि मामा खुर्ची घेऊन जिन्यावरून धावत खाली.