पियानोमागचा हुंकार

मे महिन्यात सोलापुरात रात्री अकराच्या आधी गच्चीवर पाठ टेकण्यात अर्थ नसतो. फरशीवर दोन बादल्या पाणी ओतायचं, ते वाफ होऊन उडालं की सतरंजी टाकायची आणि वर चादर. कुठली, ते सोलापूरच्या माणसानं सांगायला नको. मग मी इअरफोन कानात घालतो आणि बाख लावतो, अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार. 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स', म्हणजे 'एरिया' नावाची एक धून, मग तिची तीस बदलती रूपं, म्हणजे व्हेरिएशन्स, आणि शेवटी परत तीच धून. पियानोवर ग्लेन गूल्ड. घरात याला 'तुझं ते टिंगटिंग' असं नाव आहे.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, फोन बिघडला. पियानोमागं कुणीतरी चक्क हुं हुं करत होतं. नंतर कळलं, तो गूल्डच. वाजवताना गायची त्याला खोड होती आणि ध्वनिमुद्रण करणारे तिच्यापुढं हात टेकून बसले होते. हे कळल्यावर कॅनडातला हा माणूस मला एकदम आमच्या पूर्व भागातला वाटायला लागला. कारण माझा मामा.

मामा यंत्रमागावर पाळी करायचा आणि गुरुवारी भजनात पेटीला बसायचा. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर आणि गळा दोघांच्या पुढं. बुवा वैतागायचे, "गाणार मी का तुम्ही?" मामा शांतपणे म्हणायचा, "बोटांना वाट कोण दावणार, बुवा?"

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, या आक्षेपापायी 1940 साली आकाशवाणीनं पेटीला बाहेरचा रस्ता दाखवला. बंदी उठायला तीसेक वर्षं गेली. पियानोची अडचण तर याहून मोठी. हातोडी तारेवर पडली की त्याच क्षणापासून सूर विझायला लागतो. पेटीला निदान भाता आहे. मला वाटतं, ही माणसं गातात ती त्यामुळंच. वाद्य जिथं हात वर करतं तिथून पुढचं गळ्यानं भरून काढायचं.

गूल्डनं ही रचना 1955 मध्ये बाविसाव्या वर्षी ध्वनिमुद्रित केली आणि 1981 मध्ये पुन्हा. पहिली खेप साधारण 38 मिनिटांची, दुसरी 51. सुरुवातीची एरिया तरुण गूल्ड दोन मिनिटांच्या आत उरकतो. प्रौढ गूल्डला तीन लागतात. गंमत म्हणजे सगळ्यात संथ असलेलं पंचविसावं व्हेरिएशन मात्र तरुणपणीच त्यानं जास्त रेंगाळत वाजवलंय. वेगावर भाळायचं माझं वय गेलं, तरी चौदावं आणि विसावं आलं की मी उठून बसतोच. 1741 मध्ये छापलेली ही रचना बाखनं हार्पसिकॉर्डसाठी, म्हणजे पियानोच्या आधीच्या तारांच्या वाद्यासाठी लिहिली, तीही पट्ट्यांच्या दोन ओळी असलेल्या. पियानोला ओळ एकच. त्यामुळं डावा हात उजव्यावरून, उजवा डाव्याखालून, मागावरच्या धोट्यासारखे ये-जा करतात आणि एकमेकांना धडकत नाहीत. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला हे कान देऊन ऐकावंच लागतं.

बाराव्यात एक आवाज चढत जातो आणि दुसरा तेच वाक्य त्याच्या पाठोपाठ उलटं करून उतरत म्हणतो. एकदा हे ऐकताना सहज अंगाखालची चादर उलटली. मागच्या बाजूला नक्षी तीच, रंगांची तेवढी अदलाबदल. बराच वेळ टॉर्च लावून बघत बसलो. बायको म्हणाली, "ढेकूण आहे का?"

मामा आता थकलाय, कानानंही कमी येतं. गेल्या आठवड्यात त्याला 1981 च्या वादनाचं चित्रीकरण दाखवलं. गूल्डची खुर्ची वडिलांनी मुद्दाम करून दिलेली, इतकी बुटकी की नाक जवळजवळ पट्ट्यांना टेकतं. मामा बराच वेळ बघत राहिला.

"एवढं खाली बसायचं तर मांडी घालून बसायचं की सरळ."

मग इअरफोनचा एक बोंडा त्यानं नीट कानात बसवला. दुसरा माझ्या कानात. एरिया परत आली तसे मामानं डोळे मिटले आणि गुडघ्यावर बोटं चालायला लागली. थोड्या वेळानं हुं हुं सुरू झालं. फोनमध्ये एक, शेजारी एक; आणि पियानो काही मला ऐकू येईना.