यखन्याची मुलं

मंगळवार, रात्री

सध्या रोजच्या वाचनात बायबलमधलं १ इतिहास हे पुस्तक चालू आहे. पहिले नऊ अध्याय म्हणजे नावांमागून नावं. एरवी मी ते भरभर उरकते (उपासनेत शास्त्रपाठाला हे वाट्याला आले तर भल्याभल्यांची जीभ अडखळते). या खेपेला मात्र तिसऱ्या अध्यायातून पाय निघेना.

दावीद राजापासून त्याच्या वंशातला एकेक राजा येतो. हिज्कीया एका नावात आटोपतो, मनश्शेही तसाच. यरुशलेम निर्दोषांच्या रक्ताने भरून टाकणारा हा माणूस, पण इथे त्याच्या नावापुढे साधा शेराही नाही. मग येतो यहूदाचा राजा यखन्या. इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने त्याला बाबेलला कैद करून नेलं तेव्हा तो १८ वर्षांचा, गादीवर बसून जेमतेम तीन महिने झालेले. यिर्मया संदेष्ट्याने तर सांगून टाकलं होतं की हा निःसंतान आहे असं लिहून ठेवा, याच्या वंशातला कुणी दावीदाच्या गादीवर बसणार नाही. पुढे यरुशलेमचं मंदिरही जळलं. कुठल्याही दरबारी लेखनिकाने इथेच बाड गुंडाळलं असतं.

पण यादी चालूच राहते. बंदिवान यखन्याची सात मुलं: शल्तीएल, मल्कीराम, पदाया आणि आणखी चौघे.

बाबेलच्या उत्खननात मातीच्या काही पाट्या निघाल्या आहेत. राजवाड्याच्या कोठारातून कुणाला किती शिधा दिला याचा तो हिशेब. त्यात यहूदाच्या राजाला आणि त्याच्या पाच मुलांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. त्या कारकुनाला फक्त मापं जुळवायची होती. घराणं टिकवण्याचं देवाने दावीदाला दिलेलं वचन आपल्याच कोठारातल्या तेलावर पोसलं जातंय, हे त्याच्या गावीही नसणार! ही नोंद मला फार आवडते, कारण ती लिहिणाऱ्याला इस्राएलाच्या देवाशी काहीएक देणंघेणं नव्हतं.

यखन्याचा नातू जरुब्बाबेल लोकांना घेऊन बाबेलहून परतला. यखन्या माझ्या उजव्या हातातली मुद्रा (शिक्क्याची अंगठी) असता तरी उपटून टाकला असता, असं परमेश्वर यिर्मयाच्या तोंडून म्हणाला होता. इ.स.पूर्व ५२० मध्ये हाग्गय संदेष्ट्याच्या तोंडून तोच या नातवाला म्हणतो, तुला मी मुद्रेसारखा करीन. तरी जरुब्बाबेल राजा झाला नाहीच. पारसी सम्राटाच्या हाताखालचा सुभेदार राहिला. शिक्षा खरी ठरली, पण दावीदाचं घराणं काही बुडालं नाही. जरुब्बाबेलच्या पुढेही पिढ्या मोजल्या आहेत, थेट अनानीपर्यंत. या मंडळींच्या नावावर ना राज्य ना लढाई. देवाच्या कराराच्या यादीत राहायला पराक्रम लागतो असं मी उगाच धरून चालले होते.

नवव्या अध्यायाचं पहिलं वचनही पाहून ठेवलं. सगळ्या इस्राएलाची नोंद झाली, असं म्हणून तिथे स्वच्छ लिहिलंय की यहूदी लोक आपल्या विश्वासघातामुळे बाबेलला नेले गेले. मधे एक ओळ पश्चात्तापाची येईल असं वाटतं, तर तेही नाही. लगेच पुढच्या वचनात परत येऊन आपापल्या वतनांत राहिलेल्यांची यादी सुरू. करार पाळण्याचं काम यात एकाच बाजूने केलेलं दिसतं.

तरी एक गोष्ट सलते. इस्राएलाच्या बारा वंशांपैकी जबुलूनची वंशावळ या नऊ अध्यायांत नाही, आणि दानाचीही सरळ अशी सापडत नाही. गणना या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात दानाची माणसं ६४,४०० आहेत आणि जबुलूनची ६०,५००. एवढी माणसं, आणि इथे त्यांच्यासाठी एक परिच्छेद नाही? यादी करणाऱ्याला कागदपत्रं मिळाली नसतील, असं मी स्वतःला सांगितलं; पुरतं पटलं नाही. मग यहेज्केल संदेष्ट्याचं पुस्तक काढलं. हा यखन्याबरोबर कैदेत गेलेला, त्याच्याच बंदिवासाची वर्षं मोजून तारखा घालणारा. शेवटच्या अध्यायात तो वंशावंशांना देश वाटून देतो, त्यात सगळ्यात पहिला वाटा दानाचा आहे. जबुलूनचाही आहे, इस्साखाराला लागून.